एका विसर्गाचं दुःख

संगणकाशी माझं पहिलं भांडण 'तर' या शब्दावरून झालं आणि सगळ्यात मोठं भांडण विसर्गावरून. मधली भांडणं किरकोळ होती, पण सांगायला बसलेच आहे तर तीही सांगते. भांडणाची गोष्ट म्हटली की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगासुद्धा मान वर करतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

मी सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे, ते मुलांना सांगितलेलं नाही, म्हणून इथंही सांगत नाही. शाळेच्या गॅदरिंगचं नाटक दरवर्षी मीच बसवते. माझा आवाज असा की मी तळमजल्यावर कविता म्हणायला लागले की वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर खडू खाली ठेवून माझं कडवं संपायची वाट बघतात. ते वैतागून थांबतात असं त्यांचं म्हणणं. मी ते दाद म्हणून घेते.

तर गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर ऑफिसनं टंकलेली एक सूचना होती. मी ती उचलली आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचली.

"विषयह् अतिरिक्त शिक्षक."

दारातला क्लार्क गालात हसला. त्याला हे सवयीचं होतं. त्यातली गंमत सांगते. संगणकावर मराठी टाइप करताना दोन टिंबांचा अपूर्णविराम, ज्याला सगळे कोलन म्हणतात, तो चटकन सापडत नाही. विसर्ग मात्र बोटाखालीच असतो आणि दिसायला अगदी तसाच. म्हणून ऑफिसा-ऑफिसातून 'विषयः', 'वेळः', 'स्थळः' असं छापून येतं. आता विसर्ग म्हणजे दुःखातला, प्रातःकाळातला. त्याला उच्चार आहे, हलकासा श्वास सोडल्यासारखा 'ह'. तो लिहिलाच आहे तर मी वाचणार. शाळेतली प्रत्येक सूचना मी अशी श्वास सोडत वाचते. वेळह् दुपारी दोन. स्थळह् सभागृह. मुलांनाही हा खेळ पाठ आहे. माझी पाठ वळली की माझी नक्कल करतात, आणि चांगली करतात.

"बाई, हसण्यावारी नेऊ नका," मुख्याध्यापक म्हणाले. "एक तुकडी बंद झाली. मराठीचे तास कमी झाले. तुम्ही अतिरिक्त ठरताय."

"म्हणजे?"

"आपल्या संस्थेची जेऊरला शाळा आहे. तिथं मराठीची जागा आहे. रेल्वे आहे की रोजची."

जेऊरवर माझा काहीही राग नाही. चांगलं गाव आहे, स्टेशन आहे, स्टेशनवर चहा बरा मिळतो. पण रोज सकाळी तिकडं जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, तर घरी सासूबाई दिवसभर एकट्या. माझे यजमान नोकरीनिमित्त पुण्याला, रविवारपुरते सोलापूरचे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मूळच्या मंगळवेढ्याच्या, जमिनीत ज्वारी पिकवून म्हाताऱ्या झालेल्या. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या डोळ्याचं त्या करू देईनात, म्हणून आमच्याकडे आणलं. शाळा घराजवळ. मधल्या सुट्टीत मी घरी जाऊन त्यांना गरम भाकरी करून वाढते आणि परत येते.

त्या दुपारी मी त्यांना जेऊरचं सांगितलं.

"जा की मग," आत्या म्हणाल्या. "मी काय पळून जात न्हाय."

आणि असं म्हणून त्या देव्हाऱ्यापुढं जाऊन बसल्या. चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवून. पातेल्याचा काळा वास मला आला, त्यांना आला नाही. मी गॅस बंद केला आणि तिथंच, ते जळकं पातेलं हातात धरून ठरवलं की मी जेऊरला जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. "सर, ह्या शाळेत कुठले तास रिकामे होणार आहेत?"

"संगणकाचे. आपले संगणकाचे सर दिवाळीनंतर पुण्याला चाललेत. कंपनीत."

"मग ते मी घेते."

सर असे हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "बाई, तुम्हाला मोबाइलवरचा फोटो फिरवता येत नाही."

"मी मुळात सरळच काढते."

"मुलांना पायथन शिकवायचंय. प्रोग्रामिंग. ती एक भाषा आहे."

"मग भाषेच्याच शिक्षकानं शिकवायला नको का?"

त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. अडचणीत आले की ते अट घालतात. "ठीक आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी नववीवर संगणकाचा एक पाठ घ्या. मी मागं बसतो. तुम्ही वर्गात लिहिलेला प्रोग्राम चालला, तर तास तुमचे. नाहीतर जेऊर."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

संगणकाचे सर तरुण, अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. आश्चर्य वाटलं की त्यांच्या तोंडून 'अय्यो' निघायचं. शाळा सुटल्यावर ते मला संगणकाच्या खोलीत शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात खोलीतून दुसरा शब्दच ऐकू येत नव्हता.

पहिलं भांडण असं झालं. सरांनी सांगितलं, अट लिहायची असली की 'इफ' लिहायचं, पुढे अट. मी लिहिलं, इफ आठ मोठे पाचापेक्षा. अट पूर्ण. एंटर मारला. संगणकानं लाल अक्षरात सुनावलं.

"हा काय म्हणतोय?"

"कोलन द्या म्हणतोय, बाई. ओळीच्या शेवटी दोन टिंबं."

"कशाला? माझं म्हणणं संपलंय."

"त्याला तसं पाहिजे असतं."

"'त्याला तसं पाहिजे असतं' हे उत्तर मी सासरी खूप ऐकलंय सर. व्याकरणात चालणार नाही. नियमामागं कारण असतं."

"अय्यो बाई, पुस्तकात तसंच आहे हो."

मी रुसून घरी गेले. त्या दिवशी संगणकाला मी 'अहो'वरून 'अरे'वर आणलं. पण रस्त्यात भाजीवाली कुणाशी तरी बोलत होती. "जर उद्या यायचं असंल तर लवकर ये, न्हायतर मेथी संपती." मी भर रस्त्यात थांबले. मागून आलेला रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, बाजूला की!" मला त्याचंही कौतुक वाटलं.

जर. तर. न्हायतर. आपण 'जर' म्हटलं आणि 'तर' म्हटलंच नाही, तर ऐकणारा तोंडाकडे बघत राहतो. जर तू आलास... हं, पुढं? तो संगणक तेच करत होता. मी त्याला 'जर' देऊन गप्प बसले होते. ती दोन टिंबं म्हणजे 'तर'.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे अभिनयासकट सांगितलं. भाजीवाली, रिक्षा, सगळं. सर म्हणाले, "अय्यो, मला कुणी असं सांगितलंच नव्हतं." त्यानंतर मी एकदाही कोलन विसरले नाही. ओळीच्या शेवटी मोठ्यानं 'तर' म्हणायचं आणि टिंबं द्यायची. शेजारच्या वर्गात झाडणारी मावशी विचारायची, "बाई, तर काय?"

दुसरं भांडण बरोबरच्या चिन्हावरून. एक रेघोटी-जोडी कुठं आणि दोन रेघोट्या-जोड्या कुठं, यात मी रोज चुकायचे. सर सांगायचे, एकदा दिलं की किंमत ठेवली जाते, दोनदा दिलं की तुलना होते. डोक्यात शिरेना. शेवटी आमच्याकडचं बोलणं उपयोगी पडलं. एक बरोबर म्हणजे 'हाय'. कैऱ्या आठ हाय. सांगून टाकलं, विषय संपला. दोन बरोबर म्हणजे 'हाय का?' कैऱ्या आठ हाय का? आता उत्तर यायला पाहिजे. 'इफ'नंतर 'हाय' म्हणून चालत नाही, तिथं विचारावंच लागतं. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते वर्गात वापरायला सुरुवात केली आणि मुलं प्रोग्राम वाचताना 'हाय का, हाय का' असा घोष करू लागली. मुख्याध्यापकांना वाटलं, वर्गात भांडण लागलंय.

मग मोठ्या-छोट्या अक्षरांची कटकट. 'प्रिंट' हा शब्द मी मोठ्या पीनं सुरू केला, कारण इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला लहानपणी वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षरानं करायला छडी मारून शिकवलं होतं. हा म्हणतो, असा शब्द मला माहीत नाही. आपल्या लिपीत सगळी अक्षरं एकाच उंचीची, एका रेषेला लोंबणारी. त्यांच्यात थोरली-धाकटी नाहीत. त्या दिवशी मला देवनागरीचा फार अभिमान वाटला आणि प्रोग्राम मात्र पुन्हा लिहावा लागला.

ओळ आत सरकवून लिहायची भानगड मात्र मला लगेच जमली. सर चकित झाले. मी त्यांना नाटकाची वही दाखवली. पात्राचं नाव, पुढं दोन टिंबं, आणि खाली आत सरकवलेलं त्याचं भाषण. भाषण आत आहे तोवर बोलणारा तोच. ओळ पुन्हा डावीकडे आली की दुसरा कुणीतरी आला. इतकी वर्षं मी हेच तर लिहितेय.

आणि शून्य. शून्यावर मी खरोखर हरले होते. यादीत मी लिहिलं होतं भाकरी, ठेचा, कांदा. पहिला पदार्थ दे म्हटलं, एक नंबर, तर हा ठेचा देतो! भाकरी कुठं गेली? सर म्हणाले, मोजणी शून्यापासून. भाकरीचा नंबर शून्य. मी म्हटलं, सर, मंगळवेढ्याच्या सुनेसमोर भाकरीला शून्य म्हणाल तर जेवायला मिळणार नाही.

त्याच रविवारी आत्या गिरणीत द्यायची ज्वारी मापट्यानं डब्यात मोजत होत्या. मी शेजारी बसून माझं शून्याचं गाऱ्हाणं सांगत होते. त्यांनी पहिलं मापटं ओतलं.

"लाभ," त्या म्हणाल्या. दुसरं ओतलं. "दोन. तीन."

लग्न झाल्यापासून मी हे ऐकत आले होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं.

"आत्या, पहिल्याला एक का नाही म्हणायचं?"

"आगं, एक म्हनायचं न्हाय. लाभ म्हनायचं."

"पण का?"

"का म्हंजी? तसंच म्हनत्यात." मग माझ्याकडे एका चांगल्या डोळ्यानं बघत म्हणाल्या, "मापटं तर वतलंच की. नाव काय बी ठेव. तुजा त्यो डबा पैल्याला शून्य म्हनतोय, मी लाभ म्हनती. तुमाला दोघास्नी एकच पायजे, म्हनून तुमी रडताय."

"दोघं कोण?"

"तू आन तुजा नवरा. त्याला बी नीट मोजता येत न्हाय."

यजमान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर थोडा वर सरकला.

असं करत करत मी ती भाषा शिकले. चांगलीच शिकले, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. आणि मग एक दिवस सर सहज म्हणाले, "बाई, प्रोग्राममधली नावं मराठीतसुद्धा ठेवता येतात. 'इफ', 'प्रिंट' हे शब्द इंग्रजीत, पण आपण ठेवतो ती नावं देवनागरीत चालतात."

"काय सांगता! आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी ठेवत न्हाई हो. सारखा कीबोर्ड बदलत बसावं लागतं. इंग्रजी, मराठी, इंग्रजी. त्यात चुका होतात."

मी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. नववीच्या मुलांपुढं मराठी नावांचा प्रोग्राम! माझ्या डोळ्यांपुढं पडदा वर जाऊ लागला.

पाठ ठरला ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारच्या तासाला. मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले, मुलांच्या बाकात मोठी माणसं बसतात तसे. संगणकाचे सर दाराशी. नववीचा वर्ग माझाच मराठीचा वर्ग, सगळे ओळखीचे. प्रोजेक्टरनं भिंतीवर माझा पडदा मोठा करून दाखवला. मी साडी नीट केली आणि सुरुवात केली.

"समजा, आपल्याकडे कैऱ्या आहेत."

पहिल्या बाकावरची मुलगी, जिचं तोंड मी पाच महिन्यांत एकदाही बंद करू शकले नव्हते, म्हणाली, "बाई, ऑक्टोबरात कुटल्या कैऱ्या?"

"प्रोग्रामात बारा महिने असतात. बस खाली."

हसणं झालं. वर्ग हातात आला. मी टाइप करायला लागले. कैऱ्या, आठ. गरज, पाच. मग अट. कैऱ्या गरजेपेक्षा जास्त असतील, तर लोणचं, नाहीतर पन्हं. प्रत्येक ओळीला मी बोलत होते, हात हलवत होते. 'इफ' इंग्रजीत. कीबोर्ड बदलला, 'कैऱ्या'. पुन्हा बदलून मोठ्याचं चिन्ह. पुन्हा बदलून 'गरज'. आणि शेवटी वर्गाला म्हणायला लावलं, "त...र!" सगळा वर्ग ओरडला आणि मी दोन टिंबं दिली. खालच्या ओळी आत सरकवल्या, नाहीतरचा भाग लिहिला, आणि नाट्यमय थांबा घेऊन चालवायचं बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. कोलन हवा होता, मिळाला नाही.

मी भिंतीकडे पाहिलं. 'गरज'च्या पुढे दोन टिंबं ठसठशीत दिसत होती. प्रोजेक्टरमुळे तर ती बोराएवढी झाली होती.

"कोलन आहे की," एक मुलगा म्हणाला.

"हाय की!" सगळे म्हणाले.

"दिसतंय मला," मी म्हटलं. ती टिंबं पुसली. पुन्हा दिली. पुन्हा बटण. पुन्हा तीच लाल ओळ. कोलन हवा होता.

दाराशी सरांचं 'अय्यो' अगदी हळू ऐकू आलं. मागच्या बाकावर मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. मला त्या क्षणी जेऊरच्या स्टेशनवरचा चहा दिसला, आणि त्याच्या शेजारी गॅसवरचं जळकं पातेलं. मी टिंबं तिसऱ्यांदा पुसली, तिसऱ्यांदा दिली, जोरात, जणू कीबोर्डला ती टोचायचीच होती. तीच ओळ. हातातलं सगळं नाटक गळून पडलं होतं. मी सरकवलेल्या ओळी मोजल्या, कंस बघितले, अवतरणचिन्हं बघितली. सगळं होतं. 'तर' डोळ्यांसमोर होतं आणि संगणक म्हणत होता, 'तर' कुठाय?

दाराशी उभे असलेले सर पुढे यायला निघाले. मी हातानंच थांबवलं. पाठ माझा होता.

"मुलांनो," मी म्हटलं, "ही ओळ मोठ्यानं वाचा. एक एक अक्षर. जे लिहिलंय तेच वाचायचं, मनातलं नाही." मराठीच्या तासाला शुद्धलेखन तपासताना मी त्यांच्याकडून हेच करून घेते.

वर्गानं वाचायला सुरुवात केली. "इफ. कैऱ्या. मोठ्या. गरज."

आणि त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं, मुख्याध्यापक मागं बसलेले असताना, माझी नक्कल केली. हुबेहूब. मान किंचित वर, डोळे अर्धे मिटून, श्वास सोडत.

"गरजह्."

वर्ग खदखदून हसला. मुलीनं जीभ चावली. मी मात्र हसले नाही, रागावलेही नाही. मी त्या दोन टिंबांकडे बघत राहिले.

'गरज' मराठीत लिहिलं होतं. म्हणजे तेव्हा कीबोर्ड मराठीत होता. मग 'तर' म्हणताना मी कीबोर्ड बदलला होता का?

नव्हता. तीनही वेळा नव्हता. तीनही वेळा माझी बोटं ऑफिसच्या क्लार्कसारखीच वळली होती, आणि त्या ओळीच्या शेवटी कोलन नव्हताच. विसर्ग होता. दुःखातला. संगणकाला तिथं 'तर' मिळालं नव्हतं, 'गरजः' नावाची कुठली तरी नवीन वस्तू मिळाली होती आणि तो बिचारा तेच सांगत होता. आयुष्यभर मी लोकांच्या सूचना वाचून ज्यावर हसले, ते मी स्वतःच्या हातानं भिंतीएवढं मोठं करून दाखवत होते.

"उभी राहा," मी त्या मुलीला म्हटलं.

ती उभी राहिली. चेहरा पडला होता.

"पुन्हा म्हण."

"बाई, सॉरी बाई."

"सॉरी नको. ते पुन्हा म्हण. मोठ्यानं."

"गरजह्," ती कशीबशी म्हणाली.

"बरोबर! हा विसर्ग आहे!" माझा आवाज वर गेला. मला खात्री आहे, वरच्या मजल्यावर खडू खाली ठेवला गेला. "आणि मी 'तर' समजून बसले होते!"

मग मी त्यांना दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवले. एक विसर्ग, एक कोलन. भिंतीवर जुळ्या भावांसारखे. कुठला कोणता, कुणालाच ओळखता येईना. मुख्याध्यापक उठून पुढे आले, चष्मा कपाळावर सरकवून भिंतीला नाक लावलं.

"दोन्ही सारखेच दिसतात की, बाई."

"दिसतात सर. पण एक वाचला जातो आणि एकामुळे वाक्य पुढं जातं. तुमच्या प्रत्येक सूचनेत पहिला असतो."

क्लार्क तिथं नव्हता, नाहीतर त्याचं तोंड बघायला मिळालं असतं.

मी कीबोर्ड इंग्रजीत केला. विसर्ग पुसला, कोलन दिला. डोळ्यांना काहीही बदललेलं दिसलं नाही. वर्गाला म्हटलं, "म्हणा." वर्गानं "त...र!" अशी आरोळी ठोकली आणि मी बटण दाबलं.

लोणचं.

एवढा एकच शब्द उमटला. त्या शब्दाला इतक्या टाळ्या आजवर कुणी वाजवल्या नसतील.

तास संपला, मुलं गेली. मुख्याध्यापक खुर्चीवर बसून राहिले. "पाठ रंगला, बाई. पण खरं सांगायचं तर प्रोग्राम चालला नाही. तीन वेळा अडकला."

"सर, तुमची अट काय होती?"

"प्रोग्राम चालला पाहिजे."

"तुम्ही म्हणाला होतात, 'तुम्ही वर्गात लिहिलेला प्रोग्राम चालला, तर तास तुमचे.' पहिल्या झटक्यात चालला तर, असं नव्हतं. वर्गात लिहिला का? लिहिला. मी लिहिला का? मी लिहिला. चालला का?"

सरांनी दाराकडे पाहिलं. संगणकाचे सर तिथंच उभे होते. "आता तुम्हीच सांगा," मुख्याध्यापक त्यांना म्हणाले.

"अय्यो सर," ते म्हणाले, "अटीत जेवढं लिहिलंय तेवढंच बघायचं असतं. मनातलं नाही धरायचं. लोणचं तर आलंच की."

मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या 'लोणचं'कडे एकदा पाहिलं. उठले. "घ्या तास. पण ते 'विषयह्' बंद करा आता. ऑफिसातला माणूस वैतागलाय."

"ते कसं बंद होईल सर? दिवाळीनंतर तो माझा अभ्यासक्रम आहे."

सूचना दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकांच्या खोलीत आली. क्लार्क स्वतः घेऊन आला आणि हात मागं बांधून माझ्यासमोर उभा राहिला. वरती लिहिलं होतं, विषयः संगणक तासिका. जुनाच विसर्ग, जुन्याच जागी. मी सही करायला पेन उघडलं. तो हलेना.

"आता काय?"

"वाचा की, बाई," तो म्हणाला. "तुमी वाचल्याशिवाय चैन पडत न्हाय."

मी उभी राहिले, मान वर केली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा श्वास सोडला.

कागद हातात आल्याशिवाय घरी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्या मधल्या सुट्टीत घरी गेले. आत्या ज्वारीच्या डब्यापाशी बसल्या होत्या, मांडीवर मापटं.

"काय ठरलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"राहिले इथंच. संगणकाचे तास मिळाले. आत्या, काय झालं माहितीय का, तो विसर्ग—"

"थांब जरा," आत्या म्हणाल्या. "मोजू दे. तू बोलाय लागलीस की माजं चुकतंय." त्यांनी डब्यातली ज्वारी पुन्हा पोत्यात रिकामी केली, मापटं भरलं, हातानं वरची रास सपाट केली आणि ओतलं.

"लाभ," त्या म्हणाल्या.